घरातली दुसरी उमेदवारी

आमच्या ह्यांनी पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि वेल्डिंग शिकायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे जाहीर केलं. नुसतं ठरवणं त्यांना जमत नाही. रंगाच्या कंपनीत विक्री विभागाचे साहेब होते. रोज सकाळी हाताखालच्या माणसांसमोर उभं राहून त्यांना उत्साह द्यायचा, हे काम. नोकरी सुटल्यावर तो सगळा उत्साह आमच्या घरात सांडायला लागला.

"हाताने काम करतो तोच खरा माणूस," असं ते सोफ्यावर आडवे होऊन म्हणाले. या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललेलं नाही. मी भाजी चिरता चिरता थांबले. बोट कापलं असतं.

बाजाराच्या मागे एका उस्तादाचं वर्कशॉप होतं. लोखंडी गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे. त्याने ह्यांना उमेदवार म्हणून ठेवून घेतलं. कामाला जायच्या आधीच ह्यांनी चामड्याचा एप्रन घेतला, जाड बूट घेतले आणि दोन्ही घालून काढलेला फोटो नातेवाइकांना पाठवला. लगेच धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, दादाची हिंमत बघा! या वयात!"

हिंमत! वर्कशॉपमध्ये ह्यांच्या हातात झाडू दिला होता. झाडून झालं की गंजलेले पाइप घासायचे. घरी येऊन हे मला सांगायचे, "उस्ताद माणूस चांगला आहे गं, पण त्याला माणसं वापरता येत नाहीत."

शेवटी एकदाचा वेल्डिंगचा होल्डर हातात मिळाला. आता हा क्षण जगाला दिसायला नको? ह्यांनी शेजारच्या कारागिराला मोबाइल दिला, चेहरा नीट यावा म्हणून मुखवटा कपाळावर सरकवला आणि हसत हसत ठिणग्या उडवल्या. एक फोटो हलला, म्हणून पुन्हा उडवल्या.

संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायला लागलं. डोळे सुजून लाल, पाण्याच्या धारा, आणि तोंडाने अखंड आरडाओरडा. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवसांत बरं वाटेल म्हणाले. सासूबाईंनी ओल्या फडक्याची घडी लेकाच्या डोळ्यांवर ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "तू याला जाऊच कसं दिलंस?"

सकाळी हे अंथरुणातून म्हणाले, "उस्तादला सांग, ताप आलाय."

कामावर जाता जाता मी वर्कशॉपमध्ये गेले. उस्ताद एका जाळीशी झटत होता. तिरसट माणूस. पान खाल्ल्यासारखा शब्द चावून बोलायचा.

"ह्यांना ताप आलाय," मी म्हटलं.

"कुठे? डोळ्यांना?" तो म्हणाला. "त्यांना सांगा, आता येऊच नका. फोटो स्टुडिओत काम बघा. आणि तुम्ही इथे उभ्याच आहात, तर ही पट्टी धरा. माझा माणूस आला नाही."

त्याने माझ्या तोंडावर मुखवटा बसवला. काचेतून सगळा काळोख. मग एक प्रखर ठिपका पेटला, त्याच्याखाली वाटाण्याएवढं लोखंड पातळ झालं आणि सरकत सरकत मागे गोठत गेलं. मुखवटा वर केला तेव्हा दोन पट्ट्यांची एक झाली होती. मी इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसायचे. लोकांना दुसऱ्या खिडकीवर पाठवणं, यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. काही तरी तयार होताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यातही माझं काम नुसतं धरून उभं राहण्याचं.

आठवडाभर ते डोक्यातून जाईना. मग जाऊन विचारलं, मला शिकवाल का.

"घरातला एक नमुना पुरला नाही?"

"त्यांना फोटो काढायचा होता. मला शिकायचंय."

"वय?"

"सत्तेचाळीस."

"हात पुढे करा." त्याने निरखून पाहिलं. "थरथरत नाहीत. बाकी कौतुकासारखं काही नाही. झाडू तिकडे आहे."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" मुलगा वर्कशॉपमध्ये गेला ती हिंमत, सून निघाली की लाज. ह्यांनी मात्र समजुतीचा सूर लावला, "अगं, झेपेल का तुला? मला विचार. मी या सगळ्यातून गेलोय." दारातून आत जाऊन बाहेर आले होते, त्याला हे 'यातून जाणं' म्हणतात.

आधी मी सुट्टीच्या दिवशी जायचे, मग नोकरी सोडूनच जायला लागले. उस्ताद काही देवमाणूस निघाला नाही. इस्पितळातली ओळख काढून स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडून मागवायचा आणि माझा प्रत्येक जोड हातोड्याने फोडायचा. "हे वेल्डिंग आहे की कुणी नाक शिंकरलंय?" असं सगळ्यांसमोर. एकदा पाइपांच्या ढिगामागे जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. परत आले आणि तोच जोड पुन्हा केला. तोही फुटला.

पावसाळा गेला, थंडी आली. एके दिवशी त्याने हातोडा मारला, पुन्हा मारला, मग दोन्ही हातांनी मारला. जोड जागचा हलला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने तुकडा ढिगात फेकला. "दुसरा घ्या."

त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. एक बाई मला वळसा घालून गेली.

वर्ष सरता सरता पुतणीचं लग्न निघालं. माझ्या हातांवर ठिणग्यांचे डाग पडलेत. सासूबाई म्हणाल्या, "लांब बाह्यांचं काही तरी घाल." मी आखूड बाह्यांचं घातलं. मांडवात हे पाहुण्यांच्या घोळक्यात उभे राहून लोखंड कसं वितळतं ते हातवारे करून समजावत होते. एका पाहुण्याने मला विचारलं, "मग तुम्हालाही ह्यांनीच शिकवलं का?"

"सुरुवात मी करून दिली," हे म्हणाले.

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं धारदार. पण जेवणाच्या पंगतीत जागा झाली होती, आणि रोज कठडे उचलणाऱ्या माणसाला भूक लागते. मी त्यांना तिथेच बोलत सोडलं आणि जेवायला गेले.