बाबांना फुल, आईंना हाफ

शालूबाई हाफवर आली.

भर मे महिन्यात भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात लोकरीची कानटोपी मागणारी बाई, आणि तिच्याकडे बघत राहिलेला दुकानदार.

स्वित्झर्लंडच्या गाड्यांत सोळा वर्षांखालचं मूल आईबापांसोबत फुकट.

दोन रुळांच्या मधोमध लोखंडी दात.

बुद्धविहारात वंदना रविवारी असते. आईबाबा आताशा गुरुवारीही जायला लागले होते.

यातली एकही गोष्ट मी दुसरीला जोडली नव्हती. कानटोपी आईनं स्वतःसाठी नाही, बाबांसाठी मागितली होती, एवढंच मला माहीत होतं.

तर दुपार. भिलाई-३ मधलं आईबाबांचं घर. बाबा, म्हणजे रामाजी, रेल्वेतून रिटायर झालेले लोको पायलट. दल्लीच्या खाणींतून लोहखनिजाच्या मालगाड्या भिलाईच्या स्टील प्लांटपर्यंत आणायचे. त्यांच्या बनियनवरची लाल धूळ आई बेबीताईनं जन्मभर धुतली. आई स्वयंपाकघरात. माझा नवरा प्रवीण चटईवर फोन घेऊन बसलेला. आमची दामिनी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. स्वित्झर्लंडला आम्ही पाचही जण जाणार होतो. पास कोणता घ्यायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"पास म्हंजे पास," बाबा म्हणाले. "बसलं का बसलं. त्यात निवडाचं काय हाय?"

"तिथं तसं नाही बाबा," प्रवीण म्हणाला. "युंगफ्राऊच्या डोंगरावर जाणाऱ्या गाडीत पास पूर्ण नाही चालत. शेवटच्या चढावर पाव सूट भेटते फक्त."

"पास असून तिकीट?"

"हो."

"मंग त्याले पास कावून म्हनता जवाई? कन्सेशन म्हना."

"नाना, वो आपकी रेलवे थोड़ी है," दामिनी म्हणाली.

"सगळी माहीच होय."

ती गाडी त्यांनी फोनवर इतक्या वेळा पाहिली होती की बोगदे पाठ झाले होते. रुळांच्या मधे दातांची पट्टी, इंजिनाखाली दातांचं चाक. गाडी दातात दात अडकवून डोंगर चढते. ते दात त्यांना हात लावून बघायचे होते. बर्फाचं त्यांना काही नव्हतं.

प्रवीणनं हिशोब मांडला, आणि तो बरोबर होता. बाबा रोज गाडीत बसणार, त्यांना रोजचा पूर्ण पास. आईचे गुडघे दुखतात, ती अर्धे दिवस खोलीवर थांबणार. तिला अर्ध्या भाड्याचं कार्ड, हाफ फेअर. प्रवास केला तरच तिकीट, तेही अर्ध्यात. मग त्यानं स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं सांगितलं.

त्यानं म्हटलं: बाबांना फुल, आईंना हाफ.

आईनं ऐकलं: आईंना हाफ.

इथं थांबून सांगते, कारण त्या क्षणी मलाही उमगलं नव्हतं. रिटायर झालेल्या रेल्वेवाल्याला वर्षाला ठरावीक पास मिळतात. तो गेला की बायकोला त्यातले अर्धे. म्हणून आमच्या कॉलनीत बाई विधवा झाली असं कोणी तोंडावर म्हणत नाही. हाफवर आली म्हणतात. प्रवीण प्लांटवाल्यांच्या घरातला. त्याला हे कोण सांगणार?

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. आई दारात आली. हातात पिठाचा गोळा तसाच.

"कोनं सांगतलं तुमाले?"

प्रवीण बघत राहिला. "काय, आई?"

"डॉक्टरनं फोन केला का जवाई? सांगू नोका म्हनलं होतं मी त्याले."

"बेबी," बाबा हळूच म्हणाले. "ते कार्डाचं बोलून राहिले."

आईनं हातातल्या पिठाकडे पाहिलं. मग बाबांकडे. आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

"कोणता डॉक्टर?" मी विचारलं. "आई, कोणता डॉक्टर?"

"रायपूरचा," बाबा म्हणाले. "गुरुवारवाला."

गुरुवार. विहार नव्हे, दवाखाना.

त्यांनी ते अगदी ड्यूटीवरचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. हृदय थकलं आहे. सपाटीवर चालतं. डॉक्टरनं चढ बंद केला आहे. उंचीवर जायचं नाही, बोगद्यातून वर तर नाहीच.

"आणि तुम्ही कानटोपी घेतली," मी म्हटलं.

"विमानाचं विचारलं डॉक्टरले. हो म्हनला," बाबा म्हणाले.

"कुठं नाही जायचं. मी सगळं रद्द करते."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू त्यांच्या आजाराची खबर मीच त्यांना दिली होती. "माय, जन्मभर गाडी चालवली म्या," ते म्हणाले. "कुठं थांबाचं ते सिग्नलनं सांगतलं. मनानं कधी उतरलो नाई. एक डाव पाशिंजर होऊन बसू दे."

प्रवीणनं फोन पालथा ठेवला. दामिनी एकाएकी आजीला चिकटली.

मग आई बसली. खाली, चटईवर, गुडघे दुखत असताना.

"जवाई, सगळ्यांचेच हाफ घ्या."

"बेबी," बाबा म्हणाले. आता तेही हादरले. हाफ हा शब्द आईनं त्यांच्या देखत कधी उच्चारला नव्हता. कॉलनीतल्या शालूबाईचा नवरा गेल्याची बातमीसुद्धा तिनं मला दाराबाहेर नेऊन सांगितली होती.

"काय बेबी? फुल घेतला का तुमी वाया नाई जाऊ देनार. पास हाय म्हनून रोज बसान, रोज चढान. मी वळखत नाई का तुमाले? हाफ असलं का जिथं दम लागला तिथं उतरू. दुसऱ्या दिवशी मन झालं त तिकीट काढू, नाई त नाई."

"अन् वरची गाडी?"

"ते दात खालच्या ठेसनावरून दिसतात का नाई, जवाई?"

प्रवीणनं फोन उलटला. बराच वेळ शोधत राहिला. "दिसतात. खालपासूनच आहेत."

"हात लावू देतीन का?" बाबांनी विचारलं.

"ते नाही माहीत बाबा."

"इच्यारू."

मी अजून हो म्हटलं नव्हतं. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. आईनं पिठाचा गोळा या हातातून त्या हातात घेतला आणि बाबांना म्हणाली, "मी आपल्या तोंडानं हाफ म्हनलं. झालं का तुमाले काई?"

बाबांनी छातीवर हात ठेवला, थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं.

"सध्या त नाई."

प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं पाचांतून दामिनीला वगळलं, ती फुकट होती, आणि चार हाफ काढले.

शालूबाईचे कृष्णराव गेले तेव्हा जगन्नाथपुरीला जायचा पास निघालेला होता, फुल, दोघांच्या नावाचा. तो तसाच राहिला.