साळूबाईची चंची

डॉ. अभय औताडे राउंडला निघाले की हॉस्पिटलची लिफ्ट आपोआप दार उघडून उभी राहते, असं सगळे सांगतात. त्यांनी आवाज चढवला की खाली पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागतात, असंही सांगतात. लिफ्टचं खोटं असणार. ती लिफ्ट आजवर कुणासाठीच वेळेवर आलेली नाही. भोंग्यांचं मात्र गजालानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, कारण त्या दिवशी ते तिच्यामुळंच वाजले.

गजाला दौलताबादची. बाप निजामुद्दीन किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकतो. पोरगी सहा वर्षं शिकून सिडकोतल्या आठ मजली हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून लागली, तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवताना सांगितलं, "लडकी ने मेडिकल डाली सिडको में." तिनं शंभरदा समजावलं की अब्बा, दुकान नाही. डॉक्टरनं लिहिलेलं औषध ह्या माणसाला, ह्या वयाला, ह्या किडनीला झेपतं का, आधीच्या औषधाशी भांडण तर काढत नाही ना, ते बघायचं माझं काम. बापानं दाढी खाजवत विचार केला आणि म्हणाला, "यानी डॉक्टर की सास."

ह्याहून नेमकी व्याख्या अजून कुठल्या पुस्तकात छापून आलेली नाही.

तर ह्या सासूचं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते, आणि चौदा नंबरच्या खाटेवर साळूबाई येऊन पडली.

साळूबाई करमाडची. वय तिलाही माहीत नाही. चाळीस वर्षं गावोगावच्या आठवडी बाजारात गोडीशेव आणि रेवड्या विकते. आज करमाड, उद्या दुसरं गाव, परवा तिसरं, पार वैजापूरपर्यंत. तराजू असा धरते, की गिऱ्हाइकाला वाटावं आपल्याला जास्त आलं, आणि शेजारच्या गाडीवाल्यालाही वाटावं त्याला जास्त गेलं. अशी बाई तापानं फणफणून, तोंड आतून सोललेलं, घोटभर पाणी गिळता येईना, अशा अवस्थेत मुलानं, कारभारीनं, उचलून आणली.

शहरात तेव्हा डेंग्यूनं कहर केला होता. वॉर्डात इतके पेशंट, की डासालाही खाट मिळाली नसती. औताडे साहेबांनी फाइल उघडली, ताप बघितला, प्लेटलेट बघितल्या, अठ्ठावीस हजार. फाइल मिटली. "डेंग्यू. पुढं चला."

"सर," गजाला मागून म्हणाली, "डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आहे. आणि डेंग्यूत तोंड असं सोलून निघत नाही."

साहेब थांबले. त्यांच्यामागची दहा माणसं एकावर एक आदळून थांबली.

"टेस्ट उशिरा केली की निगेटिव्ह येते. अख्खा वॉर्ड डेंग्यूचा, आणि ही एकटी आजी वेगळी?"

"ही एकटीच संधिवाताची मेथोट्रेक्सेट घेते, सर. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर असंच होतं. तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी जातात, प्लेटलेट जातात."

आठवड्याच्या गोळीचा गजालाला धसकाच होता. सुरुवातीला ती शहरातल्या पेशंटना सांगायची, नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं ना, त्या दिवशी घ्या, म्हणजे विसरणार नाही. मग एकदा अकरा दिवस पाणीच आलं नाही आणि तिनं ती युक्ती सोडून दिली.

"काय हो," साहेबांनी कारभारीकडं वळून विचारलं, "रोज घेते का म्हातारी ती गोळी?"

"नाय नाय, सायेब. आठवड्याला एकच. करमाडच्या बाजाराला. म्या सोता सांगितलंय तिला. रोजची येगळी हाय."

"ऐकलंस?" साहेब गजालाला म्हणाले. "लघवीत इन्फेक्शन आहे, सेप्ट्रान सुरू करा."

खरं तर तिनं इथं गप्प बसायचं होतं. प्रोबेशनवरच्या माणसाला देवानं जीभ दिलेली असते ती फक्त 'येस सर' म्हणायला. पण सेप्ट्रान हा त्या संधिवाताच्या गोळीचा सख्खा मेव्हणा. आधीच अंगात ती गोळी साठलेली असेल, तर वर सेप्ट्रान म्हणजे पेटलेल्या गंजीवर रॉकेल.

"सेप्ट्रानवर मी सही करणार नाही, सर."

आणि त्या हॉस्पिटलात नियम असा होता, की जहाल औषध चालू असलेल्या पेशंटला नवं काही द्यायचं तर फार्मासिस्टची सही लागणार. सहीशिवाय खिडकीतून गोळी बाहेर पडणार नाही. मजा अशी, की हा नियम खुद्द औताडे साहेबांनीच मागच्या वर्षी, तपासणीला माणसं येणार म्हणून, झोकात लिहून भिंतीवर लावला होता.

"काय म्हणालीस?"

"भिंतीवर आहे, सर. चौथ्या नंबरला. खाली तुमचीच सही."

तेव्हा भोंगे वाजले. कुणी म्हणेल, वॉचमनचा गाडीला धक्का लागला असेल. लागला असेल बापडा.

साहेबांनी मग दुसरी वाट काढली. खिशातलं पेन काढून कोऱ्या चिठ्ठीवर सेप्ट्रान लिहिलं आणि कारभारीच्या हातात कोंबलं. "बाहेरच्या मेडिकलवरून आणा. दहा मिनिटांत."

कारभारी म्हणजे सहा फुटी गडी. दोन्ही काखांत गोडीशेवेची एकेक गोणी मारून बस पकडणारा. तो लिफ्टकडं धावला. लिफ्ट अर्थातच नव्हती. आणि दारासमोर उभी होती चार फूट अकरा इंचाची गजाला, हातात जेवणाचा डबा. तिनं त्याच्या बोटांतून चिठ्ठी ओढली, डब्याचं झाकण उघडलं, कारल्याच्या भाजीवर चिठ्ठी ठेवली आणि झाकण दाबून बंद केलं.

"ओ मॅडम! चिठ्ठी द्या. सायबानं सांगितलंय."

"नाही देत."

"माझी माय हाय ती!"

"म्हणूनच नाही देत."

"तुमी डाक्टर हायेत का?"

"नाही. डॉक्टरची सासू आहे."

हे तोंडातून निघून गेलं, आणि बघते तर औताडे साहेब चार पावलांवर उभे. सोनिया सिस्टरनं इंजेक्शनच्या ट्रेमध्ये मान घातली, ती हसू आवरल्याशिवाय वर काढली नाही.

साहेब ह्या खेपेला ओरडले नाहीत. ओरडण्यापेक्षा ते वाईट. घड्याळाकडं बघून म्हणाले, "अर्धा तास. म्हातारी रोज गोळी घेत होती ह्याचा पुरावा आण. नाहीतर ती चिठ्ठी आणि तुझा राजीनामा, दोन्ही माझ्या टेबलावर."

"गोळ्या कुठं ठेवते आई?" गजालानं कारभारीला विचारलं.

"चंचीत. पाकिटातनं काढून मोकळ्या. त्या पाकिटाचा आवाज आवडत नाय तिला. पर मॅडम, चंची ती कुनाला देत नसती. बाप गेला तवा बी कंबरंलाच व्हती."

सोनिया सिस्टरनं तंबाखू जप्त करायला दोनदा त्या चंचीला हात घातला होता. दुसऱ्या वेळी म्हातारीनं तिचं बोट चावलं. सोललेल्या तोंडानं. बोटाला पट्टी होती, ती सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

गजाला खाटेवर जाऊन बसली. पडदा ओढला. दोन्ही हात पाठीमागं नेऊन बोटांत बोटं अडकवली.

"आजी, तुमची चंची मला नको. हे बघा, हात बांधून बसले."

साळूबाईनं एक डोळा उघडला. "समदे... असंच म्हंत्यात," ती सुजलेल्या ओठांतून म्हणाली. "आन् मंग तंबाकू गायप."

"तंबाखूकडं बघणारसुद्धा नाही. माझा बाप खातो. बघून बघून कंटाळले."

"चुना किती लावतो?"

"लई."

"येडा हाय." म्हातारी थोडी सैल झाली. "काय पायजे तुला?"

"पहाटे बसला निघताना गोळी कशी घेता, तेवढं करून दाखवा. गिळू नका, नुसती काढा."

"अंधारात घेती म्या. उजेड आसला तरी काय, मोतीबिंदू हाय. हातालाच ठावं."

तिनं कमरेची चंची काढली. तीन कप्प्यांची, तेल पिऊन काळी पडलेली. मधला मोठा कप्पा तंबाखूचा, दोन टोकांना दोन लहान. गुंडाळीवरची लाल नाडी सोडली, चंची मांडीवर उलगडली आणि बोटं नाडीच्या मुळाशी असलेल्या कप्प्यात घातली. एक बारकी पिवळी गोळी निघाली.

"ही रोजची. नाडीशेजारची. आन् पल्याडच्या टोकाची बाजाराची. करमाडच्या."

पलीकडच्या कप्प्यातून तिनं दुसरी काढली. तीही पिवळी, तीही बारकी. डोळस माणसानं उन्हात धरली असती तरी दोनदा बघितली असती.

"आजी, आता दोन्ही कप्पे ह्या ट्रेमध्ये वेगवेगळे ओता. तुम्हीच ओता."

रोजच्या कप्प्यातून, हातातली धरून, दोन गोळ्या पडल्या. बाजाराच्या कप्प्यातून पडतच राहिल्या. गजालानं हात सोडले आणि मोजल्या. शहात्तर.

"कारभारीदादा, मागच्या खेपेला किती दिल्या होत्या?"

"बाजाराच्या बारा. आन् रोजच्या फोलिक का काय त्या, अठ्ठ्याहत्तर. बारा दिस झाले, त्यात करमाडचे बाजार दोन. बाजाराच्या दिशी रोजची घेत नाय ती."

"मग बाराच्या दोन कशा उरल्या? आणि अठ्ठ्याहत्तरातल्या दोनच कशा गेल्या?"

कारभारी ट्रेमधल्या गोळ्या पुन्हा मोजायला लागला. गजाला चंचीकडं बघत होती. लाल नाडी नवीकोरी होती. आणि पलीकडच्या टोकाला, बाजाराच्या कप्प्याजवळ, कापडाला जुनी सुईची भोकं आणि काळ्या दोऱ्याचं एक टोक.

"आजी, ही नाडी कुणी लावली?"

"सुनंनं. जुनी तुटली व्हती. औषिदं आनली त्याच सांजच्याला. लई गुणाची हाय, टिपूस सांडला नाय, समदं जिथल्या तिथं ठिवून शिवली."

जिथल्या तिथंच होतं. फक्त नाडी ह्या टोकाची त्या टोकाला गेली होती, आणि साळूबाईचा हात नाडीच्या मागं गेला होता. रोज पहाटे, दहा दिवस, तोंड सोलून गिळता येईना तोवर.

कारभारी भिंतीला टेकून खाली बसला. "माझीच बायकू... आन् म्या सांगितलं, एकच घेती."

"उठा," गजाला म्हणाली. "रडायचं नंतर. फोलिक ही खरं तर त्या जहाल गोळीपासून वाचवायला दिलेली. आता तिचीच थोरली बहीण, ल्यूकोव्होरिन, शिरेतून द्यावी लागेल."

एकोणतिसाव्या मिनिटाला औताडे साहेब पडदा सारून आत आले. गजालानं ट्रे पुढं केला, नाडी दाखवली, सुईची भोकं दाखवली. साहेबांनी गोळ्या स्वतः मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. वॉर्डात इतकं शांत झालं, की सलाइनचा थेंब पडताना ऐकू आला, आणि पडायच्या आधी तो जरा कचरला, असं सोनिया सिस्टर आजही शपथेवर सांगते.

"ल्यूकोव्होरिन मागवा. आत्ता."

"वीस मिनिटांपूर्वीच मागवलंय, सर. तुमची सही तेवढी राहिलीय."

"पुरावा मिळायच्या आधी?"

"मला पुरावा नको होता, सर. तुम्हाला हवा होता."

साहेबांनी सही केली. पेन इतकं दाबून, की खालच्या तीन पानांवर उमटली. मग हात पुढं केला. "चिठ्ठी."

तिनं डबा उघडला. त्यांनी तेलकट चिठ्ठी दोन बोटांत धरली, मधोमध फाडली, तुकडे तिच्याच झाकणावर ठेवले. "कारल्यात मीठ जास्त पडलंय," म्हणाले आणि निघून गेले. शेवटचा शब्द त्यांचाच असायला हवा, हाही भिंतीवर न लिहिलेला एक नियम होता.

साळूबाईच्या प्लेटलेट पाचव्या दिवशी चढायला लागल्या. आठव्या दिवशी तिनं हॉस्पिटलच्या खिचडीला शिव्या दिल्या, तेव्हा ती बरी झाली हे सगळ्यांनी मान्य केलं. मधल्या काळात गजालाच्या टेबलावर कागद आला होता: वरिष्ठांच्या सूचनेचे पालन का केले नाही, चोवीस तासांत लेखी खुलासा करावा. तिनं खुलासा केला. 'पेशंट मेली असती. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा सही करणार नाही. सोबत चिठ्ठीचे दोन तुकडे जोडले आहेत.' त्या फाइलला ऑफिसात अजून कारल्याचा वास येतो. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. काढलंही नाही, कायमही केलं नाही. औताडे साहेब तिच्याशी महिनाभर एक अक्षर बोलले नाहीत. पण रोज पावणेनऊला, राउंडच्या आधी, त्यांच्या सगळ्या फाइली कुणीतरी गुपचूप तिच्या टेबलावर आणून ठेवायचं.

पुढं दोन महिन्यांनी रक्त सुधारलं आणि सांधे पुन्हा धरले, तेव्हा साहेबांनीच ती गोळी कमी ताकदीची करून परत सुरू केली. गजालानं चंचीच्या बाजाराच्या कप्प्यावर शर्टाचं मोठं पांढरं बटण शिवून दिलं. मोतीबिंदूला दिसलं नाही तरी बोटाला लागतं. आणि अट घातली की करमाडच्या बाजाराला गोळी घेतली, की मला मिस कॉल.

साळूबाई अट पाळते. पण बाजारात बसून तोंड गप्प ठेवणं तिला कुठलं जमणार? करमाडच्या बाजारात तिनं सांगितलं, मॅडमनं चिठ्ठी डब्यात टाकली. पुढच्या गावी मॅडमनं चिठ्ठी चावून खाल्ली. वैजापूरला पोचेपर्यंत मॅडमनं डॉक्टरला लिफ्टमध्ये कोंडून नाडीनं बांधलं होतं. गोडीशेवेचा खप दुप्पट झाला.

एका सकाळी वैजापूरचा एक पेशंट औताडे साहेबांच्या केबिनमध्ये हात जोडून म्हणाला, "ते लिफ्टमधी कोंडलेले सायेब तुमीच का?"

साहेबांनी गजालाला बोलावून घेतलं. "माझी अब्रू तू बाजारात—" त्यांनी सुरुवात केली. खाली एक भोंगा वाजला. दुसरा वाजला. आणि तेवढ्यात गजालाच्या खिशातला फोन दोनदा वाजून बंद झाला.

तिनं एक बोट वर केलं. "एक मिनिट, सर."

खिशातून छोटी वही काढली, करमाडच्या बाजारासमोर बरोबरची खूण केली, वही खिशात ठेवली.

"साळूबाईची गोळी झाली. हं, आता बोला."