पिवळ्या रेषेच्या मागे

लोकांची मनं वळवायची असतील तर आधी आपल्याच माणसांची तोंडं बांधावीत, हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. आमच्या गन क्लबात त्रेचाळीस सभासद आहेत. त्यातल्या चाळिसांना वाटतं की बंदुकीच्या कायद्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही. उरलेले तिघे फक्त क्लबाच्या मासेमारीच्या सहलींसाठी सभासद झालेत.

गावाची जुनी खडीची खाण भाडेपट्ट्याने घेऊन आम्ही तिथे नेमबाजीची रेंज केली, त्याला एकोणीस वर्षं झाली. जूनमधल्या गावसभेत पट्टा पुन्हा मंजूर व्हायचा होता आणि या खेपेला नर्स हॅन्सकम विरोधात उभ्या होत्या. प्रिसिला हॅन्सकम. तीस वर्षं गावच्या शाळेत नर्स होत्या, अर्ध्या गावाच्या डोक्यातल्या उवा त्यांनी काढल्यात. आरडाओरडा करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. रोज संध्याकाळी एक गल्ली धरायची, दार वाजवायचं, बसायचं, आणि गावाच्या जमिनीवर बंदुका नकोत एवढंच म्हणून सही घ्यायची. मे महिना निम्मा होईतो त्यांच्याकडे दीडशे सह्या झाल्या होत्या.

मी क्लबात म्हटलं, भांडू नका, बोलवा. एका शनिवारी सगळ्या गावाला रेंजवर बोलवू. आपण कसे वागतो ते लोकांना डोळ्यांनी बघू दे. माझी बायको व्हर्ना बीन्सचं मोठं पातेलं लावेल. तुम्ही फक्त तीन गोष्टी पाळा. राज्यघटनेवर भाषण नको. कमरेला पिस्तूल लटकवून मिरवू नका. आणि कुणी बंदुकीच्या भागाचं नाव चुकीचं घेतलं तर सुधारायला जाऊ नका.

"पण चुकीचं बोलले तर?" ड्वेनने विचारलं. हिवाळ्यात तो गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढतो आणि बाकीचं वर्ष आमचं डोकं खातो.

"तर चुकीचं ऐक."

"म्हणजे अज्ञान खपवून घ्यायचं, ऑल्डन?"

"हो! शनिवारी दुपारी तीनपर्यंत!"

शनिवारी अकरा जण आले. आमच्याकडे मे महिन्यात काळ्या माश्या माणसाला फोडून खातात, तरी आले. त्यात नर्स हॅन्सकमही होत्या, गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात वही घेऊन. मला बरं वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं, कारण ड्वेन ज्या शर्टात आला होता त्याच्यावर एक कवटी होती आणि कवटीखाली 'हिंमत असेल तर बंदूक हिसकावून दाखवा' असं लिहिलेलं होतं. मी त्याला माझं जाकीट घालायला लावलं. तेवढ्यात रेआल, माझा चाळीस वर्षांचा दोस्त, एका बाईला बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती पाठ म्हणून दाखवू लागला. त्या बिचारीने संडास कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

कसाबसा सगळ्यांना बाकांवर बसवून मी नियम सांगितले. तो भाग मला चांगला जमतो. बंदुकीची नळी कायम मातीच्या बांधाकडे. गोळी झाडणाऱ्यांच्या ओट्यामागे ही पिवळी रेषा. कुणाला काहीही वावगं दिसलं तर त्याने "थांबा!" म्हणून ओरडायचं. मग कारण विचारायचं नाही, हातातलं हत्यार ओट्यावर ठेवायचं आणि रेषेच्या मागे जायचं.

"कुणीही म्हणजे मीसुद्धा ओरडू शकते?" नर्सबाईंनी वहीतून मान वर काढली.

"तुम्हीसुद्धा. इथे तो अधिकार सगळ्यांना आहे," मी म्हणालो. माझंच वाक्य मला फार आवडलं. ते त्यांनी लिहून घेतलेलंही मी बघितलं.

तासभर सगळं छान चाललं. पाच ओट्यांवर आमची पाच माणसं पाहुण्यांना शिकवत होती. मी शेवटच्या ओट्यावर बावीस कॅलिबरचं छोटं पिस्तूल घेऊन पोस्टातल्या तरुण क्लार्कला नेम दाखवत होतो. त्याने गोळ्या झाडल्या, लाजून हसला, मागे गेला. पिस्तूल मी हातात घेतलं. तेवढ्यात पाठीमागून ड्वेनचा आवाज आला.

"मॅडम, त्या गोळ्यांच्या पेटीला क्लिप म्हणत नाहीत. मॅगझिन म्हणतात. क्लिप वेगळी. लोकांना साधं नावसुद्धा माहीत नसतं आणि कायदे करायला निघतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कधीचा सांगतोय! घसा सुकेपर्यंत सांगतोय! मी गर्रकन वळलो आणि ओरडलो, "ड्वेन, तुझ्या जिभेला काही हाड?"

"थांबा!"

नर्स हॅन्सकम बाकावरून उभ्या राहिल्या होत्या. इतका मोठा आवाज त्या अंगात असेल असं वाटलं नव्हतं. पाचही ओट्यांवरची हत्यारं खाली गेली. पाहुणे, सभासद, सगळे मुकाट रेषेमागे आले. मीही पिस्तूल ठेवून मागे आलो आणि कुठल्या गाढवाने काय केलं म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागलो. रेआलवर माझा दाट संशय होता.

"कुणी?" मी विचारलं.

"तुम्ही," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही वळलात तेव्हा पिस्तूल हातात होतं. ते या सगळ्या बाकांवरून फिरलं. बोट चापावर होतं."

मला हसू आलं, खरंच आलं. "ते रिकामं आहे हो," मी म्हणालो. ओट्याशी जाऊन, नळी बांधाकडे धरून, त्यांची खात्री पटावी म्हणून पिस्तूल उघडलं. आतून एक गोळी उडून ओट्यावर पडली आणि कडेपर्यंत घरंगळत गेली.

पोस्टातला पोरगा पांढराफटक पडला. नर्सबाईंनी वही मिटली, पर्समध्ये टाकली आणि त्या चालू लागल्या. बाकीचे त्यांच्या मागोमाग गेले. बीन्सला कुणी हात लावला नाही.

पाहुणे गेल्यावर सगळे शेडमध्ये जमले.

"कुणाला लागलं का? नाही ना?" रेआल म्हणाला. "मग झालं ते झालं. ती बाई विरोधातच आहे, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"नियम आहे," मी म्हणालो. "माणसांवर नळी फिरवली की वर्षभर रेंजबाहेर. सुनावणी नाही."

"तो नियम तू लिहिलास!"

"म्हणूनच म्हणतोय."

"अरे लेका, डोकं चालव ना! सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेला माणूस हजर नसेल तर गोळी झाडायची नाही, हाही नियम तूच लिहिलास. आणि ते प्रमाणपत्र एकट्या तुझ्याकडे आहे. तू बाहेर गेलास की फाटकाला कुलूप. त्या बाईचं काम तू फुकटात करून देणार?"

मी त्यांना बारा वर्षं सांगत होतो की आणखी कुणीतरी ती परीक्षा द्या. एकाची शिकार असायची, एकाची गुडघेदुखी, ड्वेन म्हणायचा मला कोण शिकवणार. हे सगळं मी तेव्हा शेडमध्ये बोलून दाखवलं, चांगला अर्धा तास. पण खरं सांगायचं तर बोलत होतो ते स्वतःचाच आवाज बंद पडू नये म्हणून.

घरी व्हर्नाने बीन्स डब्यांत भरता भरता ऐकून घेतलं.

"क्लेटनला काढलंस तेव्हा सुनावणी घेतली होतीस?" तिने विचारलं. क्लेटन तिचा भाऊ. सात वर्षांपूर्वी याच नियमाने मी त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून तो आमच्या घरी जेवायला आलेला नाही.

"त्याची गोष्ट वेगळी होती."

"हो. त्याचं पिस्तूल खरंच रिकामं होतं."

आठ दिवस आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ बीन्स होते आणि आठही दिवस ती दुसरं काही म्हणाली नाही.

गावसभा शाळेच्या जिममध्ये भरली. क्लबातर्फे मी बोलायचं होतं आणि भाषण ड्वेनने लिहून दिलं होतं. नर्स हॅन्सकम तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या शनिवारबद्दल त्यांनी गावात अवाक्षर काढलं नव्हतं. का, ते मला कळेना, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो होतो. त्यांनी गावभर केलं असतं तर मला नुसतं कबूल करावं लागलं असतं.

मी वाचायला लागलो. जबाबदार नागरिक, परंपरा, हरणांची शिकार, सगळं वाचलं. मग वाक्य आलं, 'एकोणीस वर्षांत आमच्या रेंजवर एकही चूक झालेली नाही.' तिथे मी कागद खाली केला. रेआल पुढच्या रांगेतून हाताने खुणावत होता, वाच, वाच.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "दोन आठवड्यांपूर्वी मी भरलेलं पिस्तूल तुमच्यापैकी अकरा जणांवरून फिरवलं. चापावर बोट ठेवून. ते रिकामं आहे अशी माझी खात्री होती. मला नर्स हॅन्सकमनी थांबवलं. आमच्या नियमाप्रमाणे आजपासून वर्षभर मी रेंजवर पाय ठेवणार नाही, आणि माझ्याशिवाय रेंज उघडता येत नाही. आता पट्टा द्या नाहीतर देऊ नका. आमचे लोक तुम्हाला कायम सांगत आलेत, आमच्यावर विश्वास ठेवा. मीही तेच सांगत होतो. कशाच्या जोरावर सांगत होतो, मला आता कळत नाही."

मी खाली बसलो. "संपवलंस," रेआल म्हणाला आणि उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसला. चाळीस वर्षांत तो माझ्यापासून असा उठून गेला नव्हता. मला फार लागलं ते.

मतं कागदावर झाली. मोजणी दोनदा केली. पट्टा नऊ मतांनी मंजूर झाला.

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आमची मंडळी दाराशी घोळका करून उभी राहिली. आपण जिंकलो की हरलो हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. ड्वेन सगळ्यांना सांगत होता की नियम बदलायला दोन तृतीयांश सभासद लागतात आणि तेवढे सहज मिळतील. प्रमाणपत्राची परीक्षा देतो असं कुणी म्हणतंय का म्हणून मी मुद्दाम कान देऊन ऐकत उभा राहिलो. कुणी म्हणालं नाही.

कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. नर्स हॅन्सकम होत्या.

"ती सुरक्षेची परीक्षा," त्यांनी विचारलं, "किती दिवसांची असते?"

"कुणासाठी विचारताय?"

"माझ्यासाठी."

"तुम्ही आमच्या बाजूने मत दिलंत?"

"छे. विरोधात दिलं. पुढच्या वेळीही विरोधातच देईन, सह्याही गोळा करीन."

"मग तुम्हाला हे कशाला हवंय?"

"ठराव पास झाला ना? म्हणजे माणसं तिथे जाणार," त्या म्हणाल्या. "तिथे कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

मला त्यांचा राग आला. आमच्या त्रेचाळीस जणांचा त्याहून जास्त आला. आणि रडू येईल की काय अशी भीती वाटली, ती मात्र स्वतःसाठी. मी सांगितलं, दोन शनिवार लागतात, पुढचा वर्ग दहा तारखेला आहे, सोबत डबा घेऊन जा.