मागची सीट

"एक घास रे राजा, एकच. बघ, विमान आलं," असं म्हणत निलम उपम्याचा चमचा घेऊन स्विमिंग पूलला चकरा मारत होती. पुढे तीन वर्षांचा कियान ओल्या चड्डीत, मागे ती, आणि तिच्या कडेवर नुकतीच रांगायला लागलेली छोटी. विमान काही उतरत नव्हतं.

चिखल्याच्या किनाऱ्यावरचं हे महागडं रिसॉर्ट मुंबईच्या लोकांनी शांततेसाठी शोधून काढलेलं, आणि शांतता हवी म्हणून ते आपली तान्ही पोरंही सोबत आणत. या दोन जिवांचं सामान बघून कुणाला वाटावं, वऱ्हाडच निघालंय. बाटल्या उकळायचं भांडं, फुगवायचा टब, अंगाई म्हणणारा ससा, काय नव्हतं त्यात! मॅडम आणि दीपेशसाहेब सुरूच्या सावलीत आडवे झाले होते. त्यांना तरी काय बोलायचं? छोटी रात्र रात्र जागवायची, आणि सोमवारी दोघांनाही ऑफिस होतं.

"निलम कोण?" वॉचमन विचारत आला. "तुझी माणसं आलीत गेटवर."

निलमच्या हातातला चमचा वाडग्यात पडला. चिखल्याला जायचं ठरल्याबरोबर तिनं आईला फोन केला होता, माझ्या दक्षाला घेऊन ये म्हणून. मॅडमनीच सांगितलं होतं, "बोलव ना, सकाळीच बोलव. दुपारी निघायचंय आपल्याला." नवरा वापीच्या कंपनीत गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा निलम दीड वर्षाची पोर आईच्या पदरात टाकून मुंबईला आली होती. आता दक्षाला चौथं लागलं होतं.

कासा गावाच्या पुढच्या पाड्यावरून गाड्या बदलत तिची आई, बायजी, आली होती. ठेवणीतलं लुगडं, काखेत गाठोडं. दक्षाच्या केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. निलम खाली वाकली तशी पोर आजीच्या मागे गेली.

"अगं, आई हाय तुझी," बायजी म्हणाली. "फोनवर बोलतंस ना रोज?"

दक्षानं निलमला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "फोनातली आई लहान हाय," ती म्हणाली.

निलम हसली. हसता हसता तिला छोटीला दुसऱ्या कडेवर घ्यावं लागलं, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मॅडमनी त्यांना आत बोलावलं. पूलच्या कडेला बसल्यावर निलमनं गाठोड्याला हात लावला. "आये, हे काय?"

"तिचे कपडे. आन वाकळ. वाकळीबिगर ती निजं नाय."

"कपडे कशाला आणलेस?"

"मग तिथं काय घालील?" बायजी सरळ म्हणाली. "तू बोलवलंस, मी म्हटलं, आता तुझी तू ने."

पाड्यावर कामाला निघालेली बाई पोर मागे ठेवत नाही. वीटभट्टी असो, गवतकापणी असो की चिकूची वाडी, झाडाला झोळी बांधली की झालं. निलमही अशीच झोळीत वाढली होती. पोरीला आजीकडे ठेवलं ही बायजीच्या लेखी चार दिवसांची सोय होती, आणि ते चार दिवस आता संपले होते.

"मना दिसत नाय आता," बायजी हळूच म्हणाली. "डागदर बोलला, काचबिंदू. गेलेली नजर परत नाय यायची. परवा ही ओहोळात उतरली. मी हाका मारतंय, मारतंय. ही माझ्याच पुढं हुबी, कंबरभर पाण्यात, आन हसतंय. मना दिसलीच नाय गं."

निलमनं भावाचं विचारलं. "सुदाम?"

"तो बायको घेऊन भट्टीवर गेला, भिवंडीकडं. पोरं त्याची त्याच्यासंगं." बायजीनं अंदाजानं छोटीच्या पायावर हात ठेवला. "इथं दोन हायत. तिसरी काय जड व्हते?"

नाही म्हणायला निलमची जीभ रेटेना. विचारून बघते, एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात कियाननं आपली लाल बादली दक्षाच्या पुढे आणून ठेवली होती. दक्षानं ती पाण्यानं भरून त्याच्या पायांवर ओतली, आणि दोघं खिदळायला लागली. निलमनं उपम्याचा चमचा पुढे केला तर दक्षानंच आ केला. ते बघून कियाननंही केला. एक घास याला, एक घास तिला, असा वाडगा रिकामा झाला. आपल्या लेकीला आपल्या हातानं भरवून किती काळ लोटला होता!

"अय्या, खाल्लं त्याने?" मॅडम मोबाइल घेऊन धावत आल्या. "किती गोड आहे गं तुझी मुलगी! थांब, फोटो काढते."

आत्ताच विचारावं, निलमच्या मनानं घेतलं. खोलीत सामान भरताना तिनं सगळं सांगितलं, ओहोळाचंही. मी जमिनीवर निजेन, ती माझ्या ताटातलं खाईल, म्हणाली.

मॅडम बिछान्यावर बसल्या. त्या छोटीच्या मोज्याशी चाळा करू लागल्या. बाई वाईट नव्हती, डोळे भरून आले होते तिचे.

"निलम, मी तुझ्याशी खोटं नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "खाण्याचा प्रश्नच नाहीये गं. पण रात्री छोटी आणि तुझी मुलगी एकदम रडायला लागल्या, तर तू आधी कुणाला उचलशील?"

निलमला उत्तर माहीत होतं. मॅडमनाही माहीत होतं. तिनं खाली बघून ससा बॅगेत घातला.

"आईच्या औषधाला काही लागलं तर हक्काने सांग हं," मॅडम म्हणाल्या. कियानचे आखूड झालेले कपडे आणि नाश्त्याचा केक त्यांनी एका पिशवीत भरून दिला. निलमनं पिशवी घेतली. नोकरीवर लाथ मारून पोरीबरोबर पाड्यावर जावं असं एकदा तिच्या मनात उसळून आलं. पण तिच्याच पगारावर तिकडची चूल पेटत होती. आपण गेल्यानं आईला दिसेल का, की दक्षाला भात मिळेल? तिला स्वतःचीच चीड आली.

ती छोटीला घेऊन खाली आली तेव्हा गाडी दारात लागली होती. साहेब कियानला त्याच्या खुर्चीत बांधत होते. मागचं दार उघडं होतं, आणि दाराला धरून बायजी उभी होती.

"डायवर बोलला, निलम मागं बसते," ती आनंदानं म्हणाली. "म्हणून मी बसवली तिला. बघ गं, नीट बसली का? मना कळं नाय."

आत, बॅगा आणि फुगवलेल्या टबाच्या मधे, निलमच्या सीटवर दक्षा बसली होती. पाय जुळवून, गाठोडं मांडीवर घेऊन. सकाळी आजीमागे लपलेली पोर आता आईकडे बघून चक्क हसली.

"मागे बसलंय कोण?" पुढून साहेबांनी विचारलं. मॅडम त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. गाडीचं इंजिन चालू होतं. निलमनं छोटीला मॅडमकडे दिलं आणि दारात वाकली.

"दक्षा," ती म्हणाली. तिनं पोरीचा हात धरला. "दक्षा, उतर बाय. ये."

दक्षानं आईकडे बघितलं, मग सीटकडे बघितलं. कासाच्या जीपमधे नवं माणूस चढलं की सगळे कसे अंग चोरतात, ते तिला ठाऊक होतं. गाठोडं पोटाशी आवळून ती पलीकडे सरकली. तरी आई चढेना. मग ती अजून सरकली, पार खिडकीला टेकेपर्यंत, आणि मोकळ्या झालेल्या सीटवर तिनं हात थोपटला.