जाड दंडाचं बीपी

माझा नवरा एकतीस वर्षांचा, उंच क्रेन चालवतो. त्याचं बीपी तीन वर्षं वरच होतं, पण कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टर दरवेळी म्हणायच्या, “दंड बघा की याचा! पट्टा आखूड पडतो, म्हणून आकडा चढतो.” आणि फिट लिहून मोकळ्या व्हायच्या. सगळे क्रेनवाले त्या दंडांवर खूश.

मुलगी आठ महिन्यांची, आणि हा तिकडे वर एकटा. मला काही चैन पडेना. मोठ्या मापाचा पट्टा मागवला आणि घरीच बीपी घेतलं. तरीही एकशे बहात्तर, खालचं एकशे आठ.

“बाळाचा ताप आणि माझं बीपी एकाच वहीत लिहितेस?” तो म्हणाला. “उद्या मलाही चमच्यानं पाजशील.”

“पाजीन. हात सैल सोड.”

सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या काळजीनंच वाढतंय त्याचं.” मला अर्धंअधिक खरंच वाटलं.

ते आकडे पाहून डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या, तरी बीपी हलेना. कंपनीनं बजावलं, महिन्याभरात उतरलं नाही तर क्रेन बंद. हा दोन दिवस धड जेवला नाही.

मी वही पुन्हा चाळली. पोटऱ्यांत गोळे. शिडी चढताना पाय गळतात. रक्तात पोटॅशियम दोनदा कमी. हे सगळं एकत्र कशानं होतं ते रात्रभर मोबाइलवर शोधलं, आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली. “एवढ्या तरुण वयात हे असं का? किडनीवरच्या ग्रंथी तपासू या ना!”

त्यांनी चष्मा चढवून पानन्‌पान वाचलं. “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं,” म्हणाले.

रक्तात अल्डोस्टेरॉन भरमसाट निघालं. त्याच ग्रंथींतलं हे संप्रेरक शरीरात मीठ अडवून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं, आणि बीपी चढत राहतं. दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त तपासलं, तेव्हा डावी पकडली गेली. आत वाटाण्याएवढी गाठ! दुर्बिणीनं ती ग्रंथीच काढली.

तोवर महिना उलटून त्याची क्रेन बंद झाली होती. ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी, एकही गोळी चालू नसताना, सिस्टरनी बीपी घेतलं. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. त्यांचा विश्वास बसेना.

“परत घेते हं.”

“घ्या की, दहादा घ्या!” मी म्हणाले.

तिन्ही वेळा तेच. त्यांनी फिट लिहिलं, आणि तो शिडी सरसर चढून गेला, मध्ये कुठे थांबला नाही. फाटकापाशी सासूबाई वॉचमनला पकडून सांगत होत्या, “डॉक्टरांना नाही सापडलं हो, माझ्या सुनेनं शोधलं!”

मी मुलीला उंच धरलं. वरून लांबलचक भोंगा वाजला, आणि क्रेन वळू लागली.