तेरा यार्डांवरचं टिंब

मी फक्की मारायची गाडी बोलतेय. तीन चाकं, एक टाकी, एक दांडा आणि खाली रंग सोडायची नळी, एवढाच माझा संसार. फक्की म्हणायचं ते आपलं सवयीने; माझ्या पोटात पातळ पांढरा रंग असतो. विस्कॉन्सिनातल्या एल्क प्रेअरी कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर एकोणतीस मोसम जेवढ्या रेषा उमटल्या, त्या सगळ्या माझ्या. चेंडू आत की बाहेर, हे पंच माझ्याकडे बघून ठरवतो. उगाच नम्रपणा दाखवायचा माझा स्वभाव नाही, हे आधीच सांगून टाकते.

पण आज मला स्वतःची टिमकी वाजवायची नाही. मला साक्ष द्यायची आहे. आमच्या कोचबद्दल सगळं गाव एक किस्सा सांगतं, हसतं, टाळ्या देतं. आणि तो किस्सा साफ चुकीचा आहे. तिथे हजर असलेल्यांपैकी मी एकटीच अशी आहे जिला तो रंगवून सांगण्यात काही फायदा नाही.

मी आले खोक्यातून, सुट्या भागांत. खोकं उघडलं ते तांबूस मिशांच्या एका तरण्या माणसाने. डेल ओस्टबी, मुलांच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक, वय एकतीस, मोसम पहिला. सूचनांचा कागद त्याने वाचलाच नाही आणि माझं मागचं चाक उलटं बसवलं. त्या मोसमात माझ्या रेषा अशा काही वळवळल्या की पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाने विचारलं, "ओस्टबी, तुमच्याकडे आखणी कोण करतं रे, गाय?"

मुख्य प्रशिक्षक म्हटलं की लोकांना वाटतं, साहेब नुसते कडेला उभे राहून ओरडत असतील. अहो, आमच्यासारख्या लहान कॉलेजात मोजे धुणारा तोच, बस चालवणारा तोच, सकाळी पोहण्याचा वर्ग घेणाराही तोच. हिवाळ्यात तो नवी मुलं शोधत गावोगाव हिंडायचा आणि एका संध्याकाळी तीन घरी जेवायचा. एखाद्या आईने वाढलेली भाजलेली कोंबडी नको म्हटली, तर तिचा पोरगा दुसऱ्या कॉलेजात जातो, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी सहाला तो मला बाहेर काढायचा. रेषा मारता मारता संघ ठरवायचा, तोही मोठ्याने. "गोलात हा. मागे ते दोघं. डावीकडे कोण घेऊ गं?" असं मलाच विचारायचा. सरळ रेषेची खुबी अशी, की नजर चाकाकडे ठेवायची नाही, समोरच्या खुंटीवर ठेवायची. ते त्याला छान जमायचं. पण एखाद्या पोराला बाकावर बसवायचं मनात आलं की याचे पाय थबकायचे, नळी उघडीच राहायची आणि रेषेवर हा एवढा ठिपका पडायचा. ते ठिपके बघून मुलं घाबरायची. "आज दोन आहेत. कुणाचा नंबर लागला?" असं कुजबुजायची.

अशी एकोणीस वर्षं गेली. अठरा वर्षांची पोरं यायची, बावीस वर्षांचे बाप्ये होऊन जायची. आम्ही भरपूर जिंकलो. मग सलग दोन मोसम मात्र असे गेले की विचारू नका. आणि एकोणिसाव्या मोसमाचा घरचा शेवटचा सामना आला.

तो दिवस शेवटच्या वर्षाच्या मुलांचा मान असतो. आया मुलांचे नंबर छापलेले सदरे घालून येतात, मुलं त्यांना फुलं देतात, कुंपणापाशी सॉसेज भाजत असतात. थंडी अशी होती की फुलंसुद्धा काकडली होती. त्यात गोलपुढचं गवत झिजून नुसता चिखल झालेला. म्हणून डेलने दोन्ही गोलचे खांब सहा फूट पूर्वेला सरकवले आणि सामन्याच्या सकाळी सगळं मैदान नव्याने आखायला घेतलं. मदतीला होता त्याचा सहायक ग्रेडी. हुशार, उत्साही आणि जरा आगाऊ.

आता नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच अडलं. आमची मोजायची टेप तुटकी होती. तिचा पहिला यार्ड कधीच तुटून गेला होता. म्हणजे बारा यार्ड हवे असतील तर टेपवर तेरा बघायचे. डेलला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की नवी टेप घ्यायचं त्याला कधी सुचलंच नाही. सकाळभर ग्रेडीने तुटकं टोक धरलं आणि आकडे डेलने वाचले. सगळं चोख झालं.

शेवटचं एक टिंब उरलं, उत्तरेकडच्या गोलपुढचं. पेनल्टी किक घेतात ते. गोलरेषेपासून बारा यार्डांवर. तेवढ्यात क्रीडासंचालक बाई आल्या, लॉरीन प्रॅट. त्यांचा चेहरा बघून डेल गोलरेषेवरच थांबला. तुटकं टोक त्याने स्वतः धरलं आणि टेपचं दुसरं टोक घेऊन ग्रेडीला पुढे पाठवलं.

"डेल, काल बोर्डाची बैठक झाली," बाई म्हणाल्या.

"काय म्हणतायत?"

"साखळीत पहिल्या चार संघांत आलात तर तुमचा करार वाढेल. नाही आलात तर नवा माणूस बघायचा म्हणतात. मी भांडले हो, पण माझं काही चाललं नाही."

"म्हणजे आज जिंकायचं."

"जिंकायचंच. बरोबरी झाली तरी उपयोग नाही."

"कोच, किती धरू?" तिकडून ग्रेडी ओरडला.

"तेरा!" डेलने तुटका यार्ड मनात मिळवून सांगितलं, आणि पुन्हा बाईंकडे वळला.

ग्रेडीला वाटलं, टेप तुटकी हे कोच विसरले. म्हणून त्या शहाण्याने आपल्या पदरचा आणखी एक यार्ड मिळवला आणि चौदावर खूण केली. डेल मला ढकलत तिथे आला, डोक्यात करार, आणि मी टिंब मारलं. गोलरेषेपासून बरोब्बर तेरा यार्डांवर. मी रेषा मारते, मोजत नाही. तो दोष माझ्यावर टाकू नका.

सामन्याआधी पंचांनी चक्कर मारली, गोलची जाळी ओढून पाहिली, टिंबाकडेही पाहिलं. मोजलं कुणीच नाही. गडबडीत मला खोलीत न्यायचं राहिलं, म्हणून मी आमच्या बाकामागे कुंपणाला टेकून उभी होते. सामना असा समोरून मी पहिल्यांदाच बघत होते.

पूर्वार्धात आम्ही एक गोल केला. मग सगळा उत्तरार्ध आमची पोरं तो गोल जपत नुसती धापा टाकत होती. फळ्यावरचं घड्याळ दोन मिनिटं चाळीस सेकंद उरल्याचं दाखवत होतं, आणि आमच्या एका बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. शिट्टी वाजली. पेनल्टी! आणि तीही उत्तरेकडच्या गोलवर. पंचांनी घड्याळ थांबवलं.

आमचा गोलरक्षक होता एमेट, शेवटच्या वर्षाचा, ताडमाड पोरगा. तो गोलात हात पसरून उभा राहिला. पाहुण्यांच्या अकरा नंबरने टिंबावर चेंडू ठेवला. त्या क्षणी डेल बाकावरून उठला. एकोणीस वर्षांची नजर ती, तिला कोण फसवणार?

"ग्रेडी, सकाळी मी तेरा म्हणालो तेव्हा तू किती धरलंस?"

"चौदा. टेप तुटकी आहे ना, कोच."

"अरे, मी मिळवूनच सांगितलं होतं!"

ग्रेडीचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच क्षणी तो डेलच्या कानाशी लागला. "कोच, बसा खाली. कुणाला कळलंय? एक यार्ड लांब आहे, आपल्याच फायद्याचं आहे. तुमची नोकरी आहे, कोच!"

डेलने माझा दांडा धरला.

एकोणीस वर्षांत सामना चालू असताना मी मैदानात कधी गेले नव्हते. तीनशे माणसं बघत होती. माझं मागचं चाक कुरकुरत होतं, आणि माझी मान, मला मान नाही म्हणा, पण ताठ होती.

"पंच, टिंब चुकलंय," डेल म्हणाला. "एक यार्ड लांब आहे. चूक माझी आहे. मोजून बघा."

"आता?" पंचांचा विश्वासच बसेना.

"आताच. टेप ही घ्या. हिचा पहिला यार्ड नाही, तेव्हा बारासाठी तेरा बघा."

पाहुण्यांचा प्रशिक्षक धावत आला. "ओस्टबी, हे काय नाटक लावलंयस?" एमेट गोल सोडून पुढे आला, डोळे लाल. "कोच, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"गोलात जा, एमेट," डेल म्हणाला. एवढंच.

पंचांनी टेप लावली. एकदा मोजलं, तुटक्या यार्डाचा घोळ झाला, पुन्हा मोजलं. डेलने जुनं टिंब बुटाने चिखल सारून बुजवलं आणि मी नवं मारलं. गोल, पांढरं, बारा यार्डांवर. या सगळ्यात पाच मिनिटं गेली. अकरा नंबरचा पोरगा तेवढा वेळ थंडीत उभा. हातांवर फुंकर मारतोय, गोलकडे बघतोय, पुन्हा बुटांकडे बघतोय. मग त्याने ओल्या रंगावर चेंडू ठेवला, मागे गेला, धावत आला आणि असा हाणला की चेंडू दांडीवरून थेट गाड्या उभ्या करतात तिकडे गेला.

उरलेली दोन मिनिटं चाळीस सेकंद पोरांनी कशीबशी काढली, आणि आम्ही जिंकलो. पोरांनी डेलला उचललं, आयांनी फुलं उधळली. मला कुणी उचललं नाही, पण मी मनातल्या मनात नाचत होते.

पाहुण्यांचा प्रशिक्षक हात मिळवायला आला तेव्हा दात खात म्हणाला, "मानलं तुला. माझ्या पोराला पाच मिनिटं गारठवलंस. टिंबाचं निमित्त काय काढलंस!"

"निमित्त नव्हतं रे. खरंच चुकलं होतं."

"हो हो, आणि मी नाताळबाबा."

झालं, तिथून किस्सा सुटला. सोमवारी लॉरीन बाई कराराचा कागद घेऊन आल्या. "डेल, तुम्ही भलतेच बेरकी निघालात," म्हणाल्या. तो समजावू लागला, तर त्यांनी डोळा मिचकावला. पुढची दहा वर्षं तो जिथे जाई तिथे हेच. नव्या मुलांच्या आईबापांना ग्रेडी रंगवून सांगायचा, की आमच्या कोचने मुद्दाम टिंब चुकवून ठेवलं होतं, वेळ आली की खेळाडूचा धीर खचवायला. ग्रेडीला खरं माहीत होतं हो! त्याच्याच हाताने चूक झाली होती. पण माणसांचं असंच असतं. सांगून सांगून त्यालाच ते पटलं. डेल सुरुवातीला प्रत्येकाला थांबवायचा. मग थकला. नुसता मिशीवरून हात फिरवायचा, आणि मला तेव्हा त्याचा फार राग यायचा.

गेल्या आठवड्यात त्याचा निरोप समारंभ झाला, कॉलेजच्या व्यायामशाळेत. वसंतात आमच्या मैदानावर प्लॅस्टिकचं गवत येणार आहे. त्यात रेषा आधीच विणलेल्या असतात. म्हणजे मीही रिटायर. मला निळी फीत बांधून व्यासपीठाशेजारी उभं केलं होतं, नवरीसारखं. ग्रेडी आता मुख्य प्रशिक्षक होणार. त्याने किस्सा सांगितला आणि सभागृह हसून हसून लोळलं.

डेल बोलायला उठला. "ते खरं नाही," तो म्हणाला. "मी एवढा हुशार नाही. माझं चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं."

हशा दुप्पट झाला. टेबलं बडवली लोकांनी. एमेट आता दोन मुलींचा बाप, डोक्यावरचे केसही गेलेले, तो उभा राहून ओरडला, "कोच, आता तरी कबूल करा! आता कोण काढणार आहे तुम्हाला?"

डेल हसला आणि बसला. एवढ्या माणसांत त्याला चांगला म्हणणारे सगळेच होते, पण कशासाठी चांगला म्हणायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं. मला रडता येत नाही. त्या क्षणी आलं असतं तर बरं झालं असतं.

उद्या मला भंगारात नेतील. नेऊ देत; मी माझं काम सरळ केलं. माझी एकच विनंती आहे. हा किस्सा तुमच्या कानावर आला, तर सांगणाऱ्याला मध्येच थांबवा आणि मी ऐकलेलं त्याला सांगा. कारण त्या दिवशी नवं टिंब मारताना डेल माझ्यावर वाकला, तेव्हा पंच टेप गुंडाळत होते, पोरं लांब होती, आणि तो जे बोलला ते फक्त मला ऐकू आलं.

तो म्हणाला, "संपलं गं आपलं. चल, नीट मार."