गुडघ्यांचे उलटे आकडे

वहिनी आणि दीर एकाच रुग्णालयात होते. तो फिजिओथेरपिस्ट, ती संशोधन विभागात आकडेवारी बघायची. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांसाठी दिराने नवा व्यायाम बसवला होता आणि घरीदारी तो त्याचंच पुराण लावायचा. तिला त्याचा वीट आला होता.

म्हणून जुन्या आणि नव्या व्यायामाच्या तुलनेत नव्याचा निकाल वाईट आला तेव्हा तिने खोलात पाहिलं नाही. बैठकीत सर्जनांना तिने पडद्यावर दोन खांब दाखवले: जुन्या व्यायामाचा उंच, नव्याचा बुटका.

"उत्साह चांगलाय," ती म्हणाली, "पण गुडघे उत्साहाने वाकत नाहीत."

सगळे हसले. दीरही हसला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

त्याच आठवड्यात अहवाल लिहिताना तिने मूळ तक्ता उघडला. पहिल्याच रुग्णाचा गुडघा ११० अंश वाकला होता. तिच्या तक्त्यात तिथे २ होते.

कोनांच्या रकान्यात एके ठिकाणी 'नकार' असा शब्द होता. एका आजींनी पाय धरूच दिला नव्हता. तेवढ्यावरून आकडेवारीच्या प्रोग्रामने अख्खा रकाना शब्दांचा धरला, शब्दकोशासारखा लावला, आणि तिने आकडे मागितल्यावर कोन न देता त्या क्रमातले अनुक्रमांक दिले. ११० ची सुरुवात १ ने, म्हणून ते ८५ च्या आधी. शंभरापुढे वाकलेले सगळे गुडघे तळाला गेले होते, आणि ते बहुतेक दिराच्याच रुग्णांचे होते. असा रकाना आधी साधा मजकूर करा, मग त्याचे आकडे करा, हे ती नवख्यांना पहिल्याच तासाला बजावायची.

ती खाली व्यायामशाळेत गेली. चटया गुंडाळून भिंतीला लावलेल्या.

"बंद केलंस?"

"मग काय करू, वहिनी? उगाच घाम गाळायला लावत होतो लोकांना."

तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे वाकत होते?"

"तुझेच जास्त वाकत होते."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काल एका बाईंची माफी मागितली मी," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, अहो, पण मला जिना चढता येतो आता. मी म्हटलं, ते आपोआपच झालं असतं."

"त्यांना मी सांगते."

"नको. माझं मी बघतो."

पुढच्या बैठकीत तिने दुरुस्ती मांडली. प्रमुख म्हणाले, "होतं असं. प्रोग्रामच तसले असतात."

"विनोद प्रोग्रामने केला नव्हता, सर." तिला मान वर करवेना.

व्यायाम पुन्हा सुरू झाला. त्या बाई मात्र आल्या नाहीत, दिराने फोन केला तेव्हा म्हणाल्या, "तुमचं आधी काय ते ठरू दे." हे त्याने तिला सांगितलंच नाही. तिला ते नवऱ्याकडून कळलं.